साक्षीला कोण चालतं?

दर २५ डिसेंबरला आपण महाडची आठवण काढतो. १९२७ साली तिथं बाबासाहेबांच्या परिषदेत मनुस्मृती जाळली, हे आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण त्या पुस्तकात जाळण्यासारखं होतं काय, असं विचारलं की बहुतेक जण कानात शिसं ओतायचं सांगतात आणि गप्प होतात. ते शिसंही मनूचं नव्हे, गौतमाच्या धर्मसूत्रातलं आहे. मनू तापलेलं तेल ओततो. जाळलेलं पुस्तक वाचायलाही पाहिजे, नाहीतर त्यातलं काय जळलं आणि काय अजून धुमसतंय ते कळत नाही.

मी सूतगिरणीतला कामगार. शाळा अर्ध्यात सुटली. तिसरी पाळी संपवून आलो की झोप लागेस्तोवर हाती लागेल ते वाचतो. तसाच मनूचा आठवा अध्याय वाचला. निवाडा कसा करायचा, कर्ज कसं वसूल करायचं आणि साक्षीला कोण चालतं, कोण चालत नाही, हे सगळं त्यात आहे. सहासष्टाव्या श्लोकापाशी मी अडलो. तिथं न चालणाऱ्यांची यादी आहे. पराधीन माणूस चालत नाही, बदनाम चालत नाही, दस्यू चालत नाही, निषिद्ध धंदा करणारा चालत नाही. मग एकाच ओळीत पाच जण येतात: म्हातारा, शिशू, एकटा, अंत्य आणि इंद्रियं धड नसलेला. यातला कुणीच साक्षीला चालत नाही.

अंत्य म्हणजे आपण. शिशू म्हणजे मूल. मनूनं दोघांना एकाच ओळीत, एकमेकांना खेटून, दाराबाहेर बसवलंय.

पुढचेही श्लोक बघा. अडुसष्टावा सांगतो की बायकांची साक्ष बायकांनी द्यावी, द्विजांची द्विजांनी, शूद्रांची शूद्रांनी, अंत्यांची अंत्यांनी. म्हणजे वरच्यानं खालच्याला मारलं तर? मार खाणारा अंत्य, बघणारा अंत्य, आणि मारणारा वरचा. मग साक्ष कुणाची धरायची? सत्तराव्या श्लोकात थोडी ढील दिलीय. दुसरं कुणीच नसेल तर बाई, मूल, म्हातारा, शिष्य, नातेवाईक, दास, चाकर यांना विचारावं. बघा, मूल आत आलं. अंत्याचं नाव त्या यादीतही नाही. आणि लगेच एकाहत्तरावा येतो: मूल, म्हातारा, आजारी ही माणसं खोटं बोलायचीच, तेव्हा त्यांच्यावर विश्वास टाकू नये.

आता आपल्या वस्तीतलं एक मूल डोळ्यांपुढं आणा. रानात शेळ्या वळायला गेलेलं, एकटं. त्याच्या बाबतीत काही घडलं किंवा त्यानं काही घडताना पाहिलं. या एका ओळीतले तीन बंद दरवाजे त्याच्यासमोर उभे राहतात: शिशू, एकटा, अंत्य. ते मुकं असेल तर चार.

हा श्लोक कुठल्या राजाच्या दरबारात किती चालला ते पंडितांनी ठरवावं. गावच्या चावडीवर तो कुणी न वाचताच चालत होता. आणि माझं म्हणणं एवढंच आहे की कायद्यानं हे चारही दरवाजे एकेक करून उघडले, त्याला दीडशे वर्षं लागली, तरी वस्तीपासून त्या दरवाजापर्यंतचा रस्ता अजून कुणी बांधलेला नाही. तो आपल्यालाच बांधावा लागणार आहे.

*

पहिला घाव १८७२ साली बसला. इंग्रजांनी पुरावा कायदा केला. जेम्स फिट्झजेम्स स्टीफन नावाच्या साहेबानं तो रचला. आपल्या कळवळ्यानं नव्हे, एवढा मोठा मुलूख चालवायला त्यांना एकच मापकाठी हवी होती. पण मापकाठी एकदा लाकडाची झाली की ती जात बघत नाही. कलम ११८ म्हणालं, प्रश्न समजून त्याचं उत्तर देऊ शकणारी कुणीही व्यक्ती साक्षीदार होऊ शकते. वय लहान आहे म्हणून आपोआप कुणी बाद नाही. कलम ११९ म्हणालं, ज्याला बोलता येत नाही त्यानं खुणेनं किंवा लिहून साक्ष द्यावी. कलम १३४ म्हणालं, एखादी गोष्ट शाबीत करायला साक्षीदार इतकेच हवेत असं काही नाही. म्हणजे एकटाही चालतो. आणि साक्षीदाराची जात विचारणारं कलम त्यात नव्हतंच.

मनूच्या एका ओळीतले चौघे असे चार कलमी घावांत आत आले. १ जुलै २०२४ पासून या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आलाय. कलमांचे आकडे बदलले, पण हे दरवाजे तसेच उघडे आहेत.

विलायतेचे गोडवे गायला मी हे सांगत नाही. खुद्द तिथं १९३३ च्या कायद्याप्रमाणं लहान मुलानं शपथेविना दिलेली साक्ष दुसऱ्या पुराव्याचा टेकू असल्याशिवाय चालत नसे. ती अट निघायला १९८८ साल उजाडलं. मुलाचा शब्द म्हणजे अर्धा शब्द, ही समजूत साता समुद्रापलीकडेही होतीच.

आपल्याकडे कागदावर दार उघडलं, पण खुर्चीवरच्या माणसाच्या डोक्यात ते उघडायला वेळ लागला. मूल साक्षीला आलं की न्यायाधीश आधी त्याला दोनचार प्रश्न विचारतात. नाव काय, शाळेत कितवीला, खरं म्हणजे काय, खोटं म्हणजे काय. यात चूक काही नाही. मुलाला कुणी पढवून आणलंय का, हे बघायलाच पाहिजे. आपलीही पोरं खोट्या केसेसमध्ये आरोपी म्हणून उभी केली जातात, हे विसरू नका. पण याच ठिकाणी दुसराही एक प्रश्न येतो: शपथ म्हणजे काय ठाऊक आहे का? खोटं बोललं तर देव काय करतो?

आपल्या पोरानं काय उत्तर द्यावं? १९५६ पासून आपल्या घरात देव नाही. आईबापानं बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या. पोरगं खरंच सांगेल की देव काही करत नाही. मग साहेबानं काय लिहायचं, की साक्षीदारास शपथेचे पावित्र्य समजत नाही?

या प्रश्नाचं उत्तर सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९५१ मध्ये देऊन ठेवलंय. खटला राजस्थानचा होता, पण निकाल लिहिणारे न्यायमूर्ती आपल्या नागपूरच्या हायकोर्टातून गेलेले, व्हिव्हियन बोस. रामेश्वर विरुद्ध राजस्थान राज्य असं त्या खटल्याचं नाव. आठ वर्षांची मुलगी, तिच्यावर अत्याचार झालेला. तिला शपथेचं पावित्र्य कळत नाही असं खालच्या न्यायाधीशानं लिहिलं आणि शपथ न देताच तिची साक्ष घेतली. आरोपीचं म्हणणं होतं, साक्षच बाद करा. बोस साहेबांनी ते मानलं नाही. शपथ राहून गेली म्हणून साक्ष बाद होत नाही, तिच्यावर विश्वास किती ठेवायचा एवढाच प्रश्न उरतो. खरं बोलायला पाहिजे, हे त्या मुलीला कळत होतं ना, मग झालं. दुसरा पुरावा असलाच पाहिजे हीदेखील कायद्याची अट नाही, तो सावधपणाचा भाग आहे, आणि एखाद्या खटल्यात तो टेकू नसला तरी चालेल. मुलीनं आईला जे सांगितलं, ते आईनं कोर्टात सांगितलं, तोही टेकूच धरला गेला. आरोपीचं अपील फेटाळलं.

पुढं १९६९ च्या शपथ कायद्यात हे स्वच्छ लिहून आलं. बारा वर्षांखालच्या मुलाला शपथ कळत नसली, पण खरं बोलण्याचं कर्तव्य कळत असलं, तर शपथेची गरज नाही. देवाचं नाव घ्यायचं नसलं तर कुणालाही नुसती प्रतिज्ञा करता येते. तेव्हा आपल्या पोराला देवाबद्दल विचारलं तर त्यानं घाबरायचं कारण नाही. पंचशीलातलं चौथं शील त्याला पाठ आहे. खोटं बोलायचं नाही, हे त्याला रोज वंदनेत सांगितलेलं आहे. तेवढं कायद्याला पुरतं.

*

पण मित्रांनो, कायदा पुरला तरी माणूस पुरत नाही. १८७२ ला बरोब्बर शंभर वर्षं झाली आणि मार्च १९७२ मध्ये देसाईगंजचं प्रकरण घडलं. तेव्हा ते चांदा जिल्ह्यात होतं, आता गडचिरोलीत आहे. आदिवासी मुलगी, आईबाप नसलेली, मजुरी करणारी. डॉक्टरच्या अंदाजानं वय चौदा ते सोळा. रात्री पोलिस ठाण्यात जबाब द्यायला नेलेली. ठाण्यातच दोन पोलिसांनी तिच्यावर अत्याचार केल्याचा आरोप. हे प्रकरण पुढं तिच्याच नावानं देशभर गाजलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, का ते पुढं येईलच.

१९७४ मध्ये सत्र न्यायालयानं दोघांना सोडलं आणि मुलीलाच खोटारडी ठरवलं. १९७६ मध्ये नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. पोलिस ठाण्यात, अंधारात, वर्दीपुढं गप्प राहिलेली मुलगी राजी होती असं कसं म्हणता, असा त्या निकालाचा सूर होता. सप्टेंबर १९७८ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, तेव्हा तिची संमती होती, असा हिशेब लावला. पोरगी एकटी होती, अल्पवयीन असू शकत होती, आदिवासी होती, आणि समोर सरकार उभं होतं. मनूची ओळ सुप्रीम कोर्टात कुणी वाचली नव्हती. पण शिशू, एकटी, गावकुसाबाहेरची यांच्या शब्दाला वजन नाही, हे मात्र वजनाच्या काट्यावर तसंच उतरलं.

वर्षभरानं, सप्टेंबर १९७९ मध्ये, उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चार कायद्याच्या शिक्षकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बायका रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात, शरीरसंबंध शाबीत झाल्यावर, संमती नव्हती असं बाईनं सांगितलं तर कोर्टानं तसंच गृहीत धरावं, असं ठरलं. पीडितेचं नाव छापणं हा गुन्हा ठरला. त्या मुलीला मात्र यातलं काही मिळालं नाही. तिचा खटला संपला होता. तिच्या हरलेल्या खटल्यावर पुढच्या मुलींचा कायदा उभा राहिला.

त्यानंतरचे कायदे भराभर सांगतो, कारण ते कार्यकर्त्याच्या खिशात असायला हवेत.

१९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा. १९९५ मध्ये त्याचे नियम आले. २०१५ मध्ये दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यात कलम १५अ आलं. पीडित आणि साक्षीदार यांचे हक्क त्यात एकेक करून लिहिलेत. वय, बाईपण, अडाणीपण, गरिबी यांमुळं ज्याला जी खास गरज असेल ती बघून त्याला सन्मानानं वागवायचं. आरोपीच्या जामिनाच्या अर्जाचीसुद्धा खबर पीडिताला द्यायची आणि त्याचं ऐकून घ्यायचं. संरक्षण द्यायचं, गरज पडली तर दुसरीकडे राहायची सोय करायची. एफआयआरची प्रत फुकट द्यायची.

२०१२ चा पॉक्सो कायदा, लागू १४ नोव्हेंबर २०१२ पासून. लैंगिक अत्याचार झालेल्या अठरा वर्षांखालच्या मुलामुलींसाठी. जबाब मुलाच्या घरी किंवा ते म्हणेल तिथं घ्यायचा, पोलिसानं वर्दी घालायची नाही. रात्री मुलाला ठाण्यात ठेवायचं नाही. कोर्टात वकिलानं मुलाला थेट प्रश्न विचारायचा नाही, तो न्यायाधीशाकडं द्यायचा आणि न्यायाधीशानं विचारायचा. मुलाच्या चारित्र्यावर शिंतोडे उडवायचे नाहीत. मध्ये विश्रांती द्यायची. पुन्हा पुन्हा बोलवायचं नाही. साक्षीच्या वेळी आरोपी मुलाच्या नजरेसमोर पडू द्यायचा नाही. गुन्ह्याची दखल घेतल्यापासून तीस दिवसांत मुलाची साक्ष, आणि होता होईल तो वर्षात खटला संपवायचा. पडदा, विश्रांती आणि न्यायाधीशामार्फत प्रश्न या गोष्टी सुप्रीम कोर्टानं साक्षी संघटनेच्या खटल्यात २००४ सालीच सांगितल्या होत्या.

इथं एक फट आहे, ती लक्षात ठेवा. बापाला मारताना ज्या मुलानं पाहिलं, ते मूल पॉक्सोत बसत नाही. त्याच्यासाठी अ‍ॅट्रॉसिटीचं कलम १५अ आहे, २०१८ ची साक्षीदार संरक्षण योजना आहे. आणि पंधरा वर्षांखालच्या मुलाला किंवा कुठल्याही वयाच्या मुलीला, बाईला साक्षीदार म्हणून ठाण्यात हजर राहायची सक्ती करता येत नाही. पोलिसांनी घरी यायचं. आपल्या वस्त्यांत किती जणांना हे ठाऊक आहे?

*

आता आपल्या नाशिककडं येतो. २०१७ च्या ऑक्टोबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत, चार महिन्यांच्या आत, तीन निकाल आले. ते शेजारी शेजारी ठेवून बघा.

पहिला २४ ऑक्टोबर २०१७, सुप्रीम कोर्ट, महाराष्ट्र राज्य विरुद्ध बंडू ऊर्फ दौलत. मुलगी चौदा वर्षांची, मुकी, बहिरी आणि बुद्धीनं अधू. मनूची जवळजवळ आख्खी ओळच म्हणा. खालच्या कोर्टानं आरोपीला शिक्षा दिली होती. हायकोर्टानं सोडलं, कारण काय तर मुलीची साक्ष झालेली नाही. सुप्रीम कोर्ट म्हणालं, बाकीचा पुरावा पुरेसा आहे. शिक्षा पुन्हा कायम केली. आणि पुढं जाऊन सांगितलं की देशातल्या प्रत्येक हायकोर्टाच्या हद्दीत अशा दुबळ्या साक्षीदारांसाठी निदान दोन खास साक्ष केंद्रं तीन महिन्यांत उभारा. दिल्लीत तशी सोय २०१२ पासून होती. वेगळी वाट, वेगळी खोली, आरोपीचं तोंड दिसणार नाही अशी रचना. पण तीन महिने कुठले! जानेवारी २०२२ मध्ये, पुन्हा एका महाराष्ट्राच्याच खटल्यात, स्मृती तुकाराम बडदे यांच्या प्रकरणात, सुप्रीम कोर्टाला सगळ्या हायकोर्टांना नव्यानं फर्मान काढावं लागलं आणि देखरेखीला न्यायमूर्ती गीता मित्तल यांची समिती नेमावी लागली. त्या वेळी या केंद्रांचा उपयोग कुणाला, त्याची व्याख्याही रुंद केली. बोलता-ऐकता न येणारे, मनानं आजारी, धमकीखाली असलेले, सगळे त्यात आले.

दुसरा निकाल नोव्हेंबर २०१७, नगरचं सत्र न्यायालय. त्या जिल्ह्याला आता अहिल्यानगर म्हणतात. जामखेड तालुक्यातलं खर्डा. २८ एप्रिल २०१४ ला सतरा वर्षांचा, शाळेत शिकणारा आपला पोरगा मारला गेला. त्याचं नाव तुम्हाला सांगायला नको. खटल्यात साक्षीदार एकामागून एक फितूर झाले. आरोपी निर्दोष सुटले. पोरगा मेला ही गोष्ट खरी राहिली, आणि मारणारा मात्र कायद्याच्या लेखी कुणीच उरला नाही.

तिसरा निकाल २० जानेवारी २०१८, आपलं नाशिकचं सत्र न्यायालय. सोनईचं प्रकरण. तेही नगर जिल्ह्यातलंच, नेवासा तालुक्यातलं. १ जानेवारी २०१३ ला मेहतर समाजातले तीन तरुण सफाई कामगार मारले गेले होते, आंतरजातीय प्रेमाच्या रागातून. हा खटला नगरहून नाशिकला हलवलेला. तिथल्या दबावात साक्षीदार टिकणार नाहीत, ही त्यामागची धास्ती. नाशिकच्या कोर्टानं सहा जणांना दोषी धरून फाशी सुनावली. पुढं अपिलात काय काय झालं, फाशी असावी की नसावी, तो वाद वेगळा, त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन. मला इथं एवढंच दाखवायचंय: जिल्हा एक, काळ एक, दोन्हीकडं जातीच्या रागातून झालेलं मरण. एक खटला गावाच्या सावलीत चालला, दुसरा गावापासून लांब. दोन खटल्यांवरून नियम काढता येत नाही हे मलाही कळतं. पुरावे वेगळे होते, वकील वेगळे होते. पण ज्या गावात किराणा मिळतो, मजुरी मिळते, पाणी मिळतं, त्याच गावाच्या विरुद्ध साक्ष देणं म्हणजे काय, हे ज्यानं बहिष्कार पाहिलाय त्याला समजावून सांगावं लागत नाही. थोर माणसं तिथं फितूर होतात. मग मुलानं काय करावं?

*

एकदा शेजारच्या एका कुटुंबाबरोबर मी कोर्टात गेलो होतो. कोर्टाचं नाव सांगत नाही, कुठलंही धरा. नऊ वर्षांचं पोरगं, मारहाणीतला साक्षीदार. पहाटेची एसटी पकडलेली, पोटात काही नाही. अकरा वाजल्यापासून व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसलो. थोड्या वेळानं त्याच बाकड्यावर आरोपीकडची चार माणसं येऊन टेकली. दुसरं बाकडं नव्हतं. त्यांच्यातला एक म्हातारा फार मायाळू. पोराला म्हणाला, भूक लागली असंल बाळा, आणि वडापाव आणून त्याच्या हातात दिला. पोरानं आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं. पोरगं मला विचारतंय, काका, हे आजोबा पण आपल्याकडचे साक्षीदार का?

दुपारी तीनला कळलं, पुढची तारीख पडली. आईची मजुरी बुडाली, माझा खाडा पडला, पोराची शाळा चुकली. आणि पोरगं वडापाव देणाऱ्याला ओळखायला लागलं. पुढच्या तारखेला ते पिंजऱ्यात उभं राहील तेव्हा समोर कोण बसलेलं असेल? या एका दिवसात एकही कलम मोडलं गेलं नाही, कुणी धमकी दिली नाही. फितुरी अशीही शिजते.

मी म्हणतो तो रस्ता हाच. सुरगाण्याचं, पेठचं आदिवासी पोरगं सीबीएसला उतरून नाशिकच्या जिल्हा कोर्टात शिरतं तेव्हा घरची कोकणी बोली त्याच्या तोंडात असते. कोर्टाची मराठी त्याला परमुलखाची. पॉक्सोच्या कलम ३८ मध्ये दुभाष्याची सोय आहे. पण मागणार कोण? मागायचं असतं हेच त्याच्या बापाला ठाऊक नसतं.

अ‍ॅट्रॉसिटीच्या १९९५ च्या नियमांतला अकरावा नियम वाचा. पीडिताला, त्याच्यावर अवलंबून असलेल्यांना आणि साक्षीदारांना जाण्यायेण्याचं भाडं मिळतं आणि किमान वेतनाइतका रोजचा भत्ता मिळतो. बाई, अल्पवयीन, साठीच्या पुढचा, अपंग यांना आपल्या पसंतीचा एक सोबती बरोबर न्यायचा हक्क आहे, आणि त्या सोबत्यालाही भाडं आणि भत्ता मिळतो. म्हणजे मुलाशेजारी बाकड्यावर कुणीतरी आपलं बसावं, हे सरकारनं स्वतः लिहून ठेवलंय. खाडा भरून द्यायचंही लिहून ठेवलंय. दीडशे वर्षांच्या इतिहासात मला सापडलेली ही सगळ्यात लहान आणि सगळ्यात कामाची ओळ आहे.

*

आता आपल्याच लोकांशी थोडं कडू बोलतो.

वस्तीत काही घडलं की आपण मोर्चा काढतो. काढलाच पाहिजे. २००६ साली खैरलांजीनंतर मृतदेहांचे फोटो गावोगाव फिरले, त्या फोटोंनी महाराष्ट्र पेटला. तो राग खरा होता, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण जिवंत मुलाचं गणित वेगळं आहे. पीडित मुलीचा फोटो फ्लेक्सवर लावणारे, तिचं नाव घोषणेत घेणारे, तिला माईकपुढं उभं करून पुन्हा सगळं सांगायला लावणारे कार्यकर्ते मी पाहिलेत. नाव उघड करणं गुन्हा आहे, हा झाला कायदा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मुलानं चार ठिकाणी चार तऱ्हेनं सांगितलं की उलटतपासणीत आरोपीचा वकील तेच चार कागद पुढं ठेवतो आणि म्हणतो, पढवलेलं आहे. मनूच्या एकाहत्तराव्या श्लोकाला आपणच दाखला पुरवतो.

मोर्चा एक दिवस असतो. तारखा पाच वर्षं असतात. मोर्चाला हजार माणूस येतं आणि तिसऱ्या तारखेला बाकड्यावर आई आणि मूल दोघंच असतात.

याच नाशकात २ मार्च १९३० ला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाडांनी तो पाच वर्षं नेटानं चालवला. नुसती सभा घेऊन लोक घरी गेले नाहीत. तुकड्या पाडल्या आणि चारी दरवाजांवर बसवल्या. एक तुकडी उठली की दुसरी. गिरणीतही तसंच असतं. एक पाळी सुटते, दुसरी लागते, आणि मशीन बंद पडत नाही.

तसं आपल्याला कोर्टाच्या व्हरांड्यात का करता येऊ नये? प्रत्येक वस्तीत चारपाच जणांनी वही घालावी. कुठल्या मुलाची तारीख कधी, त्या दिवशी सोबतीला कोण. जो जाईल त्यानं डबा न्यावा, म्हणजे वडापाव कुणाच्या हातचा हा प्रश्नच येणार नाही. मुलाला काय बोलायचं ते शिकवायचं नाही, एक शब्दही नाही. पिंजरा कुठं असतो, न्यायाधीश कुठं बसतात, पाणी मागता येतं, प्रश्न कळला नाही तर कळला नाही म्हणता येतं, एवढंच सांगायचं. आरोपी समोर दिसत असेल तर सरकारी वकिलाला पडदा मागायला लावायचा. जामिनाची तारीख आम्हाला का कळवली नाही, असा कलम १५अ खाली अर्ज द्यायचा. नियम अकराचा भत्ता मागायचा, आणि नाही मिळाला तर का नाही ते लेखी मागायचं. मुलाचं नाव वहीत घालायचं नाही, नुसता केस नंबर. यातल्या कशालाच पुढारी लागत नाही. चौथी शिकलेला माणूस हे करू शकतो, मी करतोय.

आमच्या वहीत सध्या दोन केस आहेत. पुढच्या महिन्यात एकीची तारीख आहे आणि त्या दिवशी माझी पहिली पाळी येतेय. बदली कोण घेणार ते अजून ठरायचंय. ज्यांना सकाळ मोकळी आहे त्यांनी कळवावं.

जय भीम.